संघटित रोलप्लेइंग खेळातील जादूई वस्तू आणि नियमपुस्तके

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांच्या संघटित प्रकारात खेळाडूने आपल्या पात्राकडे असलेल्या जादूई वस्तूचे नियम कोणत्या पुस्तकातून घ्यावेत, आणि ते पुस्तक त्याच्या मालकीचे असावे की नाही, याविषयीचे नियम प्रत्येक संघटना स्वतंत्रपणे ठरवते. घरगुती खेळात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे खेळ चालवणारा, म्हणजे डन्जन मास्टर किंवा गेम मास्टर, जे मान्य करील ते चालते. संघटित खेळात मात्र तेच पात्र आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, अनोळखी गेम मास्टरपुढे खेळवले जाते. त्यामुळे पात्राच्या झोळीतील प्रत्येक वस्तू कोठून आली आणि ती नेमके काय करते, हे कागदावर दाखवता येणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात जादूई वस्तूंची यादी परंपरेने खेळाडूंच्या पुस्तकात नसते. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडपासून ती खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात आहे. वस्तूचे गुण खेळाडूला आधी ठाऊक नसावेत, ती सापडण्यात नवल राहावे, असा त्यामागील हेतू दिसतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत या वस्तू प्लेयर्स हँडबुकमध्ये आल्या, तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्या पुन्हा डन्जन मास्टर्स गाइडमध्ये गेल्या. पाथफाइंडरच्या २००९ च्या कोअर रूलबुकमध्ये दोन्ही पुस्तकांचा मजकूर एकत्र असल्याने तेथे एकच जाडजूड ग्रंथ पुरे. पुढे २०२३ च्या सुधारित मांडणीत पाथफाइंडरनेही खेळाडूंसाठी प्लेयर कोअर व खेळ चालवणाऱ्यासाठी जीएम कोअर अशी विभागणी केली आणि जादूई वस्तूंचा मोठा साठा दुसऱ्या पुस्तकात ठेवला.

संघटित खेळाचे आरंभीचे मोठे उदाहरण म्हणजे १९८० मध्ये स्थापन झालेली आरपीजीए ही संघटना. तिच्या लिव्हिंग ग्रेहॉक (२००० ते २००८) या मोहिमेत प्रत्येक साहसानंतर खेळाडूला एक नोंदपत्र मिळे. कोणत्या वस्तू विकत घेण्याची मुभा मिळाली, हे त्यावर लिहिलेले असे.

पाथफाइंडर सोसायटी

२००८ मध्ये सुरू झालेल्या पाथफाइंडर सोसायटीने पुस्तकाच्या मालकीचा नियम सर्वांत काटेकोरपणे मांडला. पहिल्या आवृत्तीच्या काळात कोअर रूलबुक व संघटनेची मार्गदर्शिका प्रत्येक खेळाडूकडे आहे, असे गृहीत धरले जाई. त्याबाहेरील पुस्तकातील वस्तू हवी असेल तर दोन अटी होत्या. ती वस्तू संघटनेच्या मान्य साधनांच्या यादीत असली पाहिजे. आणि खेळाडूने मूळ पुस्तक, खरेदीदाराच्या नावाची खूण असलेली पीडीएफ किंवा त्या पीडीएफमधील संबंधित पानांची छापील प्रत सोबत आणली पाहिजे. पात्र तयार करण्याच्या संगणक प्रणालीतील नोंद पुरावा म्हणून चालत नसे.

पुस्तक असले तरी वस्तू लगेच मिळत नसे. पात्राच्या कीर्तीच्या गुणांवरून खरेदीची कमाल किंमत ठरे: ९ गुणांना १,५०० सुवर्णनाणी, १३ गुणांना ३,०००. बॅग ऑफ होल्डिंग या पोतडीच्या सर्वांत लहान प्रकाराची किंमत २,५०० नाणी असल्याने तिच्यासाठी १३ गुण लागत. एका साहसात जास्तीत जास्त २ गुण मिळत, म्हणजे किमान सात साहसे पार पाडावी लागत. साहसाच्या नोंदपत्रावर छापलेल्या वस्तू मात्र या मर्यादेबाहेर असत. जादूई वस्तू स्वतः घडवण्याचे कौशल्य मूळ नियमांत असूनही संघटित खेळात निषिद्ध होते.

मालकीच्या अटीवरील आक्षेप

मालकीच्या अटीमागचे एक कारण व्यवहाराचे आहे. गेम मास्टरने प्रत्येक पूरक पुस्तक विकत घेऊन पाठ करावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ज्याला वस्तू वापरायची त्याने तिचा मजकूर समोर ठेवावा, हे न्याय्यच म्हणावे लागेल. दुसरे कारण उघडपणे व्यापाराचे आहे, कारण या संघटना पुस्तके छापणाऱ्या कंपन्यांच्याच आहेत. खरी अडचण येथे सुरू होते. पाथफाइंडरचे बरेचसे नियम खुल्या परवान्याखाली महाजालावर विनामूल्य वाचता येत होते, तरीही ते वाचून वस्तू वापरण्याचा हक्क मिळत नसे. एका घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना एकच प्रत वापरण्याची सवलत होती. मित्राकडून उसनी आणलेली प्रत मात्र मालकीत धरली जात नसे. वर्गणी भरून ग्रंथालयातून पुस्तक घरी नेण्याची सवय ठाकूरद्वार-गिरगाव भागातील वाचकांना पिढ्यान्पिढ्या आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची. अशा वाचकाला पुस्तक वाचलेले असणे व पुस्तक विकत घेतलेले असणे यांत केलेला हा भेद चमत्कारिक वाटेल. डॉलरमध्ये किंमत असलेली आयात पुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो महागही पडतो.

ॲडव्हेंचरर्स लीग

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या ॲडव्हेंचरर्स लीगने (२०१४ पासून) वेगळा मार्ग घेतला. तेथील बहुचर्चित नियम ‘प्लेयर्स हँडबुक अधिक एक’ असा होता आणि पुढे तो सोडून देण्यात आला. तो पात्राच्या घडणीपुरता, म्हणजे वंश, वर्ग, मंत्र इत्यादींपुरता होता. साहसात सापडलेली जादूई वस्तू त्या ‘एका’ पुस्तकात मोजली जात नसे. नवखे खेळाडू या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात. वस्तूचे वर्णन डन्जन मास्टर्स गाइडमध्ये किंवा साहसाच्याच पुस्तिकेत असते, आणि तो मजकूर पुरवणे सहसा डन्जन मास्टरकडे येते. खेळाडूने आपल्या नोंदपत्रकात वस्तू कोणत्या साहसात मिळाली ते लिहिणे महत्त्वाचे.

येथे संख्येवर बंधन आले. २०२० च्या सुमाराच्या नियमांनुसार पात्राच्या चार टप्प्यांत अनुक्रमे १, ३, ६ व १० कायमस्वरूपी जादूई वस्तू बाळगता येत. एकदा वापरून संपणाऱ्या वस्तू या मोजणीत नसत. याखेरीज एका वेळी तीनच वस्तूंशी ‘अट्यूनमेंट’ साधता येते, हा मूळ खेळाचा नियम लागू राहतोच.

विनामूल्य नियमसंग्रह

पाचव्या आवृत्तीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट हा संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला. बॅग ऑफ होल्डिंगसह अनेक परिचित जादूई वस्तू त्यात आहेत. पाथफाइंडरच्या बाजूने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस हे अधिकृत संदर्भस्थळ आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात श्रेय देऊन भाषांतर करण्याचीही मुभा असल्याने या संग्रहातील वस्तूंची वर्णने मराठीत आणण्यास कायदेशीर अडसर उरलेला नाही.