तार कोठें तुटली?

मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर तारकर्ली वसली आहे. येथील पुष्कळ कुटुंबें पाहुण्यांस घरीं उतरवून चरितार्थ चालवितात, आणि त्या पाहुण्यांच्या विचारणा व पैसे आतां इंटरनेटवरून येतात. ऐन हंगामांत जोडणी क्षणांत यावी व क्षणांत जावी, हा म्हणूनच पोटाचा प्रश्न होतो. अशा वेळीं मनुष्य चिडतो, आणि अधिक वेगाची, अधिक दामाची जोडणी घेऊं पाहतो. परंतु बिघाड कोठें आहे हें न शोधतां जोर वाढविल्यास काय होतें, याची साक्ष इतिहासांत आहे.

1858 च्या ऑगस्टांत आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांस जोडणारी पहिली अटलांटिक तार समुद्रांत पडली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोंचण्यास सुमारें सोळा तास लागले. व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. त्यांनीं त्या आधींच अधू असलेल्या तारेंत सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब सोडला. थोड्याच आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. विल्यम टॉमसन यांचा मार्ग निराळा होता. आरशाच्या नाजूक यंत्रानें क्षीण प्रवाहही ओळखावा, हा त्यांचा आग्रह. टिकाऊ तार 1866 सालीं पडली, ती या सावध दृष्टीनें.

हिंदुस्थानांत तारायंत्र 1855 सालीं सर्व जनतेस खुलें झालें. पुढें तारतज्ज्ञांनीं जमिनीस लागलेल्या तारेचा दोष कचेरींत बसून शोधण्याची रीत बसविली: तिचें दूरचें टोंक दुसऱ्या निर्दोष तारेस जोडावयाचें आणि दोन्हीं बाजूंचा विद्युत्‌रोध ताडून अंतर काढावयाचें. आज काचतंतूंत प्रकाशाचा ठोका सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या वेळावरून तुटलेली जागा ओळखतात. साधन बदललें, विचार तोच.

घरींही तोच विचार चालवावा. संगणक राउटरला तारेनें जोडून पाहावा. तारेवर जोडणी स्थिर, पण वाय-फायवर डळमळीत असेल, तर बिघाड घरांतच. चिऱ्याच्या जाड भिंती लहरी अडवितात, म्हणून राउटर मधल्या खोलींत उंच ठेवावा. तारेवरही ती डळमळत असेल, तर संशय राउटरवर अथवा बाहेरच्या वाहिनीवर. जोडणी जाण्याची वेळ वहींत टिपावी. पाऊस येतांच ती जात असेल, तर तांब्याच्या सांध्यांत शिरलेलें पाणी आणि खारा वारा यांकडे बोट दाखवितां येतें.

16 मे 2021 रोजीं तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां झाडें व विजेचे खांब कोसळले. त्या दिवशीं घरांतील कोणतीही युक्ति निरुपयोगी होती. दोष घराबाहेर होता. तेंही ओळखणें हा शोधाचाच भाग. आपल्या हातचें काय आणि दुसऱ्याकडून मागावयाचें काय, हें ज्यास कळलें, त्याची तक्रार मोघम राहात नाहीं. दिवस व वेळ यांच्या टिपणासह ती दिली, म्हणजे दुरुस्तीस येणाऱ्यासही नेमकें कोठें पाहावयाचें तें कळतें.