मुखश्वसनाचे मापन : आरशापासून ध्वनिलहरींपर्यंत

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात एकाच वर्गात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारी मुले बसतात. त्यामुळे एखाद्याचा उच्चार बिघडलेला आढळला की आपण शिक्षक तो दोष घरच्या बोलीवर टाकून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही हे केले आहे. परंतु हा दोष नाकाचाही असू शकतो, हे डॅनिश डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये कोपनहेगन येथे दाखवून दिले. नाकामागील अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढल्या की मूल तोंडाने श्वास घेते, त्यास कमी ऐकू येते आणि अनुनासिक वर्ण निर्जीव होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर 'मामा'चा 'बाबा' आणि 'नाना'चा 'दादा' होतो; उर्दूच्या तासाला नून-गुन्ना हरवतो. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या गुये यांनी अशा मुलांच्या अभ्यासातील अनवधानास स्वतंत्र नावच दिले. ज्याला आपण 'मंद' म्हणतो, तो कदाचित नाक चोंदलेला असतो.

नाकातील वाढ काढण्याची हत्यारे दहाव्या शतकात कुर्तुब्याच्या अल्-झहरावींनी वर्णिली होती. मोजमाप मात्र फार उशिरा आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच शास्त्रज्ञ झ्वार्डेमाकर यांनी नाकपुड्यांखाली थंड आरसा धरला आणि दोन्ही बाजूंस उमटणाऱ्या वाफेच्या डागांची तुलना केली. साधन किती साधे! पण १८९५ मध्ये कायझर यांनी दाखविले की निरोगी माणसातही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने आकसतात व मोकळ्या होतात. म्हणजे एकाच बाजूच्या मापावर भरवसा नाही.

त्यानंतर हवेचा दाब व प्रवाह मोजणारी यंत्रे आली. त्यांसाठी मुखवटा लावून स्वस्थ बसावे लागते, आणि लहान मूल तसे बसत नाही. १९८९ मध्ये हिलबर्ग व सहकाऱ्यांनी नाकात ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून मार्गाची रुंदी काढली. ही तपासणी क्षणांत होते, म्हणून मुलांना सोयीची. तरीही तिने पोकळीचा आकार कळतो, श्वास किती वाहतो हे नाही. माप ठीक असूनही सवयीने तोंड उघडे ठेवणारी मुले असतातच. निदान कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच करावयाचे.

कलबुर्गीत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीदरला सरकारी महाविद्यालय २००७ मध्ये झाले. आळंद किंवा भालकीच्या मुलास तेथे पाठविण्यापूर्वी शिक्षकास वर्गातच एक गोष्ट पाहता येते : मुलास 'मामा' म्हणावयास सांगावे, मग नाक चिमटीत धरून पुन्हा. निरोगी मुलाचा आवाज स्पष्ट बदलतो. बदलला नाही, तर कारण बोलीत शोधू नये.