कूळ, मूळ आणि क्रमांक

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. व्यापाराच्या जगात मात्र हा शहाणपणा महागात पडतो. तिथे समोरच्याचे कूळही विचारावे लागते आणि मूळही. समोरचा माणूस हाडामांसाचा असेल तर चेहरा, गाव, नातेगोते यांवरून काही अंदाज बांधता येतो. परंतु कंपनी ही कायद्याने कल्पिलेली व्यक्ती आहे. तिला चेहरा नाही आणि नाव तर कोणीही कसलेही भारदस्त ठेवू शकते. अशा व्यक्तीला ओळखायचे कसे? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. एक राष्ट्राच्या नोंदवहीतला क्रमांक, आणि दुसरे आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. हा विषय अर्थशास्त्राच्या वर्गातला वाटेल, पण मुळात तो नाव आणि नामधारी यांच्या संबंधाचा आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

इंग्लंडमध्ये १८४४ साली संयुक्त भांडवली कंपन्यांचा कायदा झाला आणि कंपन्यांची नोंदणी करणारा निबंधक अस्तित्वात आला. त्याआधी कंपनीला कायदेशीर व्यक्तित्व हवे असेल तर राजाची सनद किंवा संसदेचा स्वतंत्र कायदा लागे. ज्यांना ते जमत नसे ते नुसते नाव लावून लोकांचे पैसे गोळा करीत. त्याच सुमारास, १८४३–४४ मध्ये, डिकन्सची ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्यात ‘अँग्लो-बेंगाली’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या लांबलचक नावाची एक बनावट विमा कंपनी आहे. थाटाची कचेरी आणि भपकेबाज नाव एवढेच तिचे खरे भांडवल. कादंबरीकाराने ज्या रोगाचे चित्र काढले, त्यावर कायद्याने सुचवलेला उपाय म्हणजे नोंदवही. नाव, उद्देश, पत्ता, चालक हे सारे एका सरकारी दप्तरात लिहा, आणि ते दप्तर लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवा.

हिंदुस्थानात अशा नोंदणीचा पहिला कायदा १८५० मध्ये आला. मर्यादित दायित्वाचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले. पण नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे मुंबईला फार लवकर कळले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, पैशाचा पूर आला आणि शहरात कंपन्यांचे पेव फुटले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर त्या सट्ट्याचे शिखर ठरले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखे मातब्बरही त्यात सापडले. नोंदवही जन्म सांगते. शील सांगत नाही.

तरीही ती जे सांगते ते थोडे नाही. आज भारतातील प्रत्येक कंपनीला एकवीस चिन्हांचा ओळखक्रमांक, म्हणजे सीआयएन, असतो आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तो तिच्या पत्रांवर व बिलांवर छापावा लागतो. टाटा स्टीलचा क्रमांक पाहा: एल २७१०० एमएच १९०७ पीएलसी ०००२६०. पहिले अक्षर सांगते की कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे. पुढचे पाच अंक उद्योगाचे, दोन अक्षरे राज्याची, चार अंक स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरे कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटचे सहा अंक निबंधकाच्या नोंदणीचे. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलले, पण १९०७ आणि २६० हे आकडे तसेच राहिले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा क्रमांक एल ९९९९९ एमएच १८६३ पीएलसी ०००००२ असा आहे. वर्ष १८६३, नोंदणी क्रमांक दोन. याच कंपनीवर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या दरबाराने सागवानाच्या ओंडक्यांवरून जबर दंड बसवला. ते निमित्त साधून इंग्रजांनी युद्ध पुकारले, मंडाले घेतले, आणि थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. राजाचे राज्य गेले. कंपनीचा क्रमांक टिकला. आणि त्या क्रमांकातील ‘एमएच’ ही अक्षरे पाहा. १८६३ मध्ये महाराष्ट्र नावाचे राज्य कुठे होते? ते १९६० चे. म्हणजे ही ओळ एका बैठकीत लिहिलेली नाही. जुन्या पोथीत नव्या लेखनिकाने भर घालावी तशी ती काळाच्या थरांनी बनली आहे. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला इथे ओळखीचे काही सापडेल.

पण अर्थवाही क्रमांकाचा हाच गुण त्याचा दोषही ठरतो. आपल्याकडच्या कैक आडनावांत गाव असते. माणूस गाव सोडतो, आडनाव सोडत नाही. सीआयएनचे तसे नाही. कंपनीने राज्य बदलले, खासगीची सार्वजनिक झाली, बाजारात सूचीबद्ध झाली किंवा धंदा बदलला, की क्रमांकाचा तो तो भाग बदलतो. जो खूण म्हणून नेमला, तोच अवस्थेबरोबर पालटू लागतो. शिवाय त्याची सत्ता देशापुरती. भागीदारी संस्था, न्यास, म्युच्युअल फंड यांना तो मिळत नाही. अमेरिकेत तर कंपनीची नोंद राज्याराज्यांत होते. सबंध देशाची अशी एक नोंदवही नाही. बँकांसाठी स्विफ्टचे संकेतांक होते, रोख्यांसाठी आयसिन होता. पण व्यवहार करणारा कोण, हे सांगणारी जगाला समान अशी खूण नव्हती. ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ या खासगी कंपनीचा नऊ अंकी क्रमांक त्या जागी पुष्कळ वापरात होता, आणि अमेरिकेच्या सरकारनेही आपल्या कंत्राटांसाठी तो २०२२ पर्यंत वापरला. सार्वजनिक ओळखीची किल्ली खासगी हातात होती, असा त्याचा अर्थ.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली तेव्हा या उणिवेची किंमत कळली. लेहमन म्हणजे एक संस्था नव्हती; अनेक देशांत पसरलेल्या सुमारे तीन हजार कायदेशीर संस्थांचा तो गोतावळा होता. आपले येणे नेमके कोणत्या लेहमनकडे आहे, हे कित्येक धनकोंना चटकन सांगता येईना. नियामकांपुढेही एकूण धोक्याचे चित्र नव्हते, कारण प्रत्येक दप्तरात तीच संस्था निराळ्या नावाने आणि निराळ्या क्रमांकाने नांदत होती. या अनुभवातून जी-२० राष्ट्रांनी पुढाकार घेतला, २०१२ मध्ये आयएसओ १७४४२ हे मानक आले, आणि २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे या व्यवस्थेचा सांभाळ करणारे प्रतिष्ठान स्थापन झाले. त्या क्रमांकाचे नाव ‘लीगल एंटिटी आयडेंटिफायर’, संक्षेपाने एलईआय.

एलईआय वीस चिन्हांचा आहे, आणि तो मुद्दाम अबोल ठेवला आहे. त्यात राज्य नाही, वर्ष नाही, धंदा नाही. पहिली चार चिन्हे तो देणाऱ्या संस्थेची. उदाहरणार्थ मुंबईतील ‘लीगल एंटिटी आयडेंटिफायर इंडिया’ने दिलेले क्रमांक ३३५८ ने सुरू होतात. शेवटचे दोन अंक पडताळणीचे. रोमन अक्षरांच्या जागी ठरावीक अंक घालून बनणाऱ्या संख्येला ९७ ने भागले की बाकी एक उरावी, असा हिशेब आहे. क्रमांक बोलत नाही म्हणून तो बदलावाही लागत नाही. सांगायचे ते सोबतच्या नोंदीत असते: नाव, पत्ता, आणि २०१७ पासून मालकाचाही पत्ता, म्हणजे कोणती कंपनी कोणाच्या पोटात आहे ते. कूळ आणि मूळ शोधण्याचीच ही सोय.

युरोपात जानेवारी २०१८ पासून एलईआय नसेल तर रोख्यांचा व्यवहार नाही, असा दंडक झाला. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये वायद्यांच्या काही बाजारांपासून सुरुवात केली. एप्रिल २०२१ पासून संस्थांनी आरटीजीएस वा एनईएफटीने ५० कोटी रुपये किंवा अधिक रक्कम पाठवताना, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तेवढ्याच रकमेच्या परदेशी व्यवहारांना, तो आवश्यक झाला. मोठ्या कर्जदारांपासून सुरू झालेला नियम पुढे टप्प्याटप्प्याने ५ कोटींच्या कर्जापर्यंत उतरला. इथे एक बोच आहे. निबंधकाने दिलेला क्रमांक कंपनीजवळ जन्मभर असतो. एलईआयची नोंद दरवर्षी पैसे भरून ताजी करावी लागते, नाहीतर ती ‘कालबाह्य’ ठरते. मोठ्या उद्योगाला हा खर्च जाणवणारही नाही. पाच कोटींच्या कर्जावर कारखाना चालवणाऱ्याला मात्र आपण आहोत हे दरसाल नव्याने सांगावे लागते.

मग या दोहोंत श्रेष्ठ कोण? आमच्या मते हा प्रश्न चुकीचा आहे. एलईआयच्या नोंदीतच एक रकाना असतो: ही संस्था कोणत्या देशाच्या, कोणत्या नोंदवहीत, कोणत्या क्रमांकाने नोंदली आहे? म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख अखेरीस राष्ट्रीय दप्तराच्या खांद्यावर उभी आहे. एलईआय कोणालाही जन्म देत नाही. जन्मलेल्याला तो फक्त ओळखतो. मूळ दप्तरच पोकळ असेल तर वरची खूण कितीही काटेकोर असो, ती पोकळीलाच अचूक नाव देईल. भारतात २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढावी लागली. ज्या ब्रिटनने ही नोंदवही निर्माण केली, तिथल्या निबंधकाला तर आलेली माहिती तपासून नाकारण्याचे खरे अधिकार २०२३ च्या कायद्याने मिळाले.

भाषेचा विद्यार्थी जाणतो की चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरतो, आणि ती रूढी कोणीतरी सांभाळावी लागते. एलईआयने चिन्हातून अर्थ काढून घेतला, तो नोंदीत ठेवला, आणि नोंदीची जबाबदारी सर्वांवर टाकली. सीआयएनने अर्थ चिन्हातच कोरला, म्हणून तो इतिहासाचा साक्षीदार झाला. बाजाराला पहिला हवा हे खरे. पण १८६३, एमएच आणि ०००००२ एका ओळीत वाचून थिबा राजापर्यंत पोहोचण्याची वाट दुसऱ्यातूनच जाते. बाजाराच्या सोयीसाठी ती बुजू देऊ नये, आणि त्या वाटेच्या तोंडाशी असलेले दप्तर खरे ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.