आईचें रक्त आणि बाळाचें रक्त

नवजात अर्भकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कावीळ होते, ही गोष्ट सुइणींना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. बहुतेक मुलांची ही कावीळ आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते; म्हणून तिचें कोणी फारसें मनावर घेत नसे. परंतु कांहीं घरांत वेगळेंच घडे. पहिलें मूल धडधाकट निपजे. दुसरें जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत पिवळें पडून चार दिवसांत जाई. तिसरें अंगभर सुजलेलें, मेलेलेंच जन्मास येई. आईबाप निकोप असत, घरांत अन्नाची वाण नसे, आणि तरीहि पाळणा रिकामा राही. दोष अर्थातच आईच्या माथीं येई.

१६०९ सालीं फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्ज्वा हिनें एका जुळ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एक मूल सुजलेलें होतें, तें लागलेंच मेलें. दुसरें प्रथम बरें दिसलें, पण पिवळें पडून थोड्याच दिवसांत गेलें. एकाच उदरांतून आलेल्या या दोन मुलांचा रोग एकच असावा, हें वैद्यकाला निश्चितपणें उमगावयास तीनशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९३२ सालीं अमेरिकेंतील बोस्टनचे डॉ. लुई डायमंड व त्यांचे सहकारी यांनीं सूज, तीव्र कावीळ व पांडुरोग हीं तिन्ही एकाच विकाराचीं रूपें आहेत असें दाखवून दिलें. मुलाच्या तांबड्या पेशी झपाट्यानें नष्ट होत आणि शरीर ती तूट भरून काढण्यासाठीं अपक्व पेशी रक्तांत लोटी. पेशींचा हा नाश कोण करतें, तें मात्र कळत नव्हतें.

१९३८ सालीं शिकागोच्या डॉ. रूथ डॅरो यांनीं तर्क केला कीं, नाश करणारें द्रव्य आईच्याच रक्तांत तयार होत असलें पाहिजे. त्यांचें स्वतःचें एक मूल या रोगानें दगावलें होतें. मुलाच्या रक्तांतील कोणतें द्रव्य आईच्या शरीराला परकें वाटतें, याविषयींचा त्यांचा अंदाज चुकला. पण मूळ कल्पना खरी ठरली. पुराव्याला फार वेळ लागला नाहीं. न्यूयॉर्कमध्यें एका स्त्रीला मृत मूल झालें, तिचा रक्तस्राव थांबेना, म्हणून नवऱ्याचें रक्त तिला देण्यांत आलें. दोघांचा गट ‘ओ’ असूनहि तिला भयंकर बाधा झाली. डॉ. फिलिप लेव्हीन व डॉ. रूफस स्टेट्सन यांनीं तिचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या १०४ माणसांच्या रक्ताशीं मिसळून पाहिला. ८० जणांच्या पेशींच्या त्यानें गुठळ्या केल्या. ही हकीकत १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. शोध एवढा मोठा, पण त्या द्रव्याला नांव द्यावयाचें मात्र राहून गेलें.

नांव दिलें तें दुसऱ्यांनीं. १९४० सालीं कार्ल लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनीं र्‍हीसस जातीच्या माकडाचें रक्त सशांना टोंचून एक रक्तरस तयार केला; न्यूयॉर्कमधील गोऱ्या लोकांपैकीं शेंकडा सुमारें ८५ जणांच्या पेशी त्यानें गोठल्या. त्यांना ‘र्‍हीसस-युक्त’ व उरलेल्यांना ‘र्‍हीसस-रहित’ म्हणूं लागले. सशाच्या रक्तरसाचा रोख वेगळ्याच एका द्रव्यावर होता, हें पुढें उघडकीस आलें. परंतु तोंवर माकडाचें नांव माणसाच्या रक्ताला कायमचें चिकटलें होतें. १९४१ सालीं लेव्हीन यांनीं दाखविलें कीं, अशीं मुलें झालेल्या मातांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक र्‍हीसस-रहित असतात व मुलें र्‍हीसस-युक्त असतात. प्रसूतीच्या वेळीं वार सुटतांना मुलाचें थोडें रक्त आईच्या रक्तांत मिसळतें. तिचें शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतें, पण तोंवर पहिलें मूल बाहेर आलेलें असतें. पुढच्या खेपेस तेच प्रतिपिंड वारेंतून पलीकडे जाऊन गर्भाच्या पेशींवर तुटून पडतात. पहिलें वांचे व पुढचीं जात, याचें कारण एवढेंच. ज्या स्त्रीला पूर्वीं चुकीचें रक्त दिलें गेलें असेल, तिचें पहिलें मूलहि सुटत नसे.

आतां प्रश्न राहिला तो धोका आधीं ओळखण्याचा. कित्येक मातांच्या रक्तांत प्रतिपिंड असूनहि नेहमींच्या परीक्षेंत ते दिसत नसत. पेशींना चिकटत, पण गुठळी करीत नसत. केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स यांना युद्धकाळांत आगगाडीच्या मंद उजेडाच्या डब्यांत यावर युक्ति सुचली, असें ते स्वतः सांगत. हे प्रतिपिंड ग्लोब्युलिन जातीचे असल्यामुळें, मानवी ग्लोब्युलिनविरुद्ध सशाच्या शरीरांत तयार केलेला रक्तरस घातला कीं चिकटलेल्या पेशी एकमेकींस जोडल्या जाव्यात, असा तो विचार होता. १९४५ सालीं त्यांनीं मूरंट व रेस यांच्यासह ही परीक्षा प्रसिद्ध केली. नाळेंतील रक्ताच्या चार थेंबांवर ती होते, आणि आज जगभर चालते.

दुसरी खूण बिलिरुबिनाची. फुटलेल्या पेशींतून निघणारें हें पिवळें द्रव्य गर्भावस्थेंत आईच्या शरीराकडून बाहेर टाकलें जातें. जन्मानंतर तें काम मुलाच्या कोंवळ्या यकृतावर येतें, आणि तें त्याला पेलत नाहीं. सांठलेलें द्रव्य मेंदूंत शिरलें तर मूल मरतें, किंवा वांचलें तरी बहिरें व हातपाय वेडेवांकडे हालविणारें होतें. १९५२ सालीं बोस्टनच्या वैद्यांनीं दाखविलें कीं, दर १०० घन सेंटिमीटर रक्तरसांत बिलिरुबिन २० मिलिग्रॅमच्या खालीं राखलें तर मेंदूला सहसा इजा होत नाहीं. डायमंड यांनीं नाळेच्या शिरेंतून मुलाचें रक्त काढून दुसरें भरण्याची रीत आधींच बसविली होती. ती कधीं करावी याला आतां आंकडा मिळाला.

परंतु आंकड्यावर विसंबून चालत नाहीं, हें लौकरच कळलें. १९५६ सालीं न्यूयॉर्कमध्यें अपुऱ्या दिवसांच्या मुलांना जंतुबाधा होऊं नये म्हणून दोन निरनिराळ्या औषधयोजना देऊन तुलना करण्यांत आली. पेनिसिलिन व सल्फिसोक्साझोल मिळालेलीं मुलें अधिक संख्येनें मेलीं, आणि रक्तांतील बिलिरुबिन फारसें चढलेलें नसतांना त्यांचे मेंदू पिवळे निघाले. रक्तांतील अल्ब्युमिन बिलिरुबिनाला धरून ठेवतें. सल्फा औषधानें त्याला तेथून हुसकलें होतें. उत्तम हेतूनें दिलेलें औषध, आणि त्याचा असा परिणाम! तुलना काटेकोर केली नसती, तर तें आणखी किती वर्षें दिलें गेलें असतें कोण जाणे.

याच सालीं इंग्लंडांत रॉशफर्डच्या रुग्णालयांत जीन वॉर्ड नांवाच्या परिचारिका मुलांना बागेंत उन्हांत नेत असत. एका मुलाचें अंग फिकें झालें होतें. चादरीच्या कोपऱ्यानें झांकलेला तेवढा त्रिकोण पिवळा राहिला होता. वैद्यांनीं तें मनावर घेतलें आणि १९५८ सालीं डॉ. क्रीमर व त्यांचे सहकारी यांनीं प्रकाशोपचार प्रसिद्ध केला.

रोग होऊंच न देण्याचा उपाय लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथें स्वतंत्रपणें निघाला. लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशाचे अभ्यासक. आईचा व मुलाचा ‘ए-बी-ओ’ गट जुळत नसेल, तर मुलाच्या पेशी आईच्या रक्तांत आधींच नष्ट होतात व र्‍हीससचा धोका कमी राहतो, हें ठाऊक होतें. मग तयार प्रतिपिंड टोंचून तेंच कां साधूं नये? न्यूयॉर्कच्या फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनीं सिंगसिंग तुरुंगांतील कैद्यांवर प्रयोग केले. आजच्या नीतिनियमांत ते सहजासहजीं बसले नसते. १९६८ सालीं अमेरिकेंत या औषधाला परवानगी मिळाली. प्रसूतीनंतर ७२ तासांत तें टोंचतात. तें बहुतांशीं मानवी रक्तरसापासून काढलें जातें. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनीं त्यासाठीं जन्मभरांत ११७३ वेळां दान केलें व २०२५ सालीं ते वारले.

भारतांत र्‍हीसस-रहित माणसें शेंकडा पांचांच्या आसपास, म्हणजे युरोपपेक्षां पुष्कळच कमी. मात्र मुंबईनें या शास्त्रांत स्वतःची एक भर घातली आहे. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं तीन अशा माणसांची नोंद केली, कीं जीं परीक्षेंत ‘ओ’ दिसत, पण त्यांचा रक्तरस ‘ओ’ पेशींनाहि गोठवी. हा ‘बाँबे’ गट भारतांत सुमारें दहा हजारांत एकाचा. अशा मातेच्या मुलालाहि क्वचित् हाच रोग होऊं शकतो. आणि तिला रक्त लागलें, तर तें त्याच गटाच्या दुसऱ्या माणसाकडूनच आणावें लागतें.