ट्रॉली एका अंगाला कलतेय? जादा पाटा टाकण्याआधी टेप लावून बघा

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की वेल्डिंगच्या दुकानांपुढे आणि पाटेवाल्यांकडे ट्रॉल्यांची रांग लागते. बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, ट्रॉली एका बाजूला झुकलीय. उपायही घरूनच ठरवून आणलेला असतो. झुकलेल्या बाजूला एक पाटा जादा टाका! कधी तेवढ्याने भागतं. पण अनेकदा पैसे जातात, रिकामी ट्रॉली चार दिवस सरळ दिसते आणि माल भरला की पुन्हा कलते. कारण दोष पाट्यात नसतोच. तो टायरमध्ये असतो, यू-बोल्टमध्ये असतो, नाहीतर चॅसीच्या चिरलेल्या चॅनलमध्ये असतो.

दोन इंचांनी काय होतंय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंच्या पाट्यांमधलं अंतर चार फूट धरा. एक बाजू दोन इंच खाली असेल, तर दहा फूट उंच रचलेल्या उसाचा वरचा थर पाच इंच बाहेर सरकतो. मग वजन त्याच बाजूला जास्त पडतं, तो पाटा आणखी दबतो आणि कल आणखी वाढतो. सपाट डांबरी रस्त्यावर हे निभावून जातं. कालव्याच्या भरावावर किंवा साईडपट्टीवरून चाक खाली उतरलं की निभावत नाही.

तपासणी रिकाम्या ट्रॉलीवर आणि सपाट जागेवरच करावी. सोसायटीच्या गोदामापुढचा काँक्रीटचा तुकडा चांगला. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी, हँडब्रेक ओढावा. जागा खरंच सपाट आहे का, याचीही एक युक्ती आहे. एकदा माप घ्यायचं, ट्रॉली उलट्या तोंडाने त्याच जागी उभी करायची आणि पुन्हा माप घ्यायचं. कल बाजू बदलत असेल तर दोष जमिनीचा, ट्रॉलीचा नाही.

आधी हवा. दोन्ही टायरची हवा गेजने मोजावी, लाथ मारून नाही. टायर एकाच मापाचे आहेत का, तेही बाजूवर छापलेलं वाचून बघावं. एका बाजूला नवीन टायर आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत झालेला जुना, एवढ्यानेही फरक पडतो. हे बरोबर करून मग टेप घ्यावी.

दोन्ही बाजूंना दोन-दोन मापं घ्यायची. पहिलं, जमिनीपासून चॅनलच्या खालच्या कडेपर्यंत. दुसरं, एक्सलच्या वरच्या बाजूपासून चॅनलपर्यंत. पहिल्यात फरक आहे, पण दुसरं दोन्हीकडे सारखं, तर पाट्याला हात लावायचं कारण नाही. दोष खाली आहे, टायर, हब किंवा वाकलेला एक्सल. दुसऱ्या मापातही फरक असेल तर मात्र पाटा, यू-बोल्ट किंवा पाटा धरणारा ब्रॅकेट बघायला लागतो. दोन्ही मापं जुळतात आणि तरी वरचा हौदा तिरका दिसतो, तर चॅसी पिळलेली आहे किंवा हौद्याखालचं वेल्डिंग सुटलंय. डंपिंगच्या ट्रॉलीत मागच्या बिजागरीची पिन झिजली तरी हौदा एका बाजूला बसतो.

चार चाकी ट्रॉलीला हीच मापं पुढे आणि मागे वेगळी घ्यावीत. कल फक्त पुढच्या बाजूला असेल तर टर्नटेबलचे बोल्ट ढिले झालेत का, ते आधी बघावं.

पाट्यात नेमकं काय बिघडतं

पाटा तुटलेला असला तरी पटकन दिसत नाही. चिखल, ऊसाचं पाचट आणि ग्रीस यांचा थर बसलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून, डिझेलच्या फडक्याने पुसून मग बॅटरीच्या उजेडात बघावं. चीर जास्त करून मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा यू-बोल्टच्या कडेला सापडते. तिथे ताण जास्त येतो. चीर आतून गंजलेली असेल तर ती जुनी, चकाकत असेल तर ताजी. सगळ्यात वरचा मेन पाटा तुटला असेल तर ट्रॉली जागची हलवू नये. त्याच्या टोकाच्या कानातून पिन जाते आणि एक्सल जागेवर धरला जातो तो त्याच्यावरच.

दोन्हीकडचे पाटे मोजावेत. हे कुणी करत नाही. मागच्या मालकाने किंवा मागच्या मिस्त्रीने एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला आठ ठेवलेले निघतात. जाडीही कमी-जास्त असते.

पाटा तुटलेला नाही, संख्याही सारखी आहे, पण एका बाजूची कमान सपाट झालीय, याला पाटा बसला म्हणतात. आपल्याकडे डावी बाजू आधी बसण्याचं एक कारण सरळ आहे. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, वाहन डावीकडून चालतं, त्यामुळे भरलेल्या ट्रॉलीचं वजन डावीकडे झुकतं. त्यात शेतात फळी लावून एकाच बाजूने मोळ्या चढवल्या आणि त्याच बाजूला रचत गेलं की भर पडते.

उलटा प्रकारही असतो आणि इथे मिस्त्रीसुद्धा फसतात. उंच दिसणाऱ्या बाजूचे पाटे एकमेकांवर गंजून चिकटलेले असतात. ते दबतच नाहीत, म्हणून चांगली बाजू खाली गेल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंना सारखं वजन ठेवून एक्सल ते चॅनल माप किती उतरलं, ते बघावं. एक बाजू जवळपास हललीच नाही, तर ती सोडून, साफ करून, पाट्यांच्या मधे ग्रीस लावून पुन्हा बसवावी लागते.

सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो. मागून येणाऱ्याला ट्रॉली तिरकी चाललेली दिसते, मऊ रानात ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या चाकोऱ्या जुळत नाहीत. खात्रीसाठी हुकाच्या मधोमध टेप धरून दोन्ही हबच्या मध्यापर्यंत मोजावं. अंतर सारखं आलं पाहिजे. हा बोल्ट तुटण्यामागे बऱ्याचदा ढिले यू-बोल्ट असतात, त्यामुळे नुसता बोल्ट बदलून उपयोग नाही.

हबची तपासणी सोपी आहे. चाक उचलायचं, वरून आणि खालून धरून हलवायचं. खडखड झाली तर बेअरिंग सैल किंवा गेलेलं.

दुरुस्ती करताना

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये, कितीही घाई असली तरी. पाट्याचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया देऊन लवचीक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते जोडाच्या शेजारी ठिसूळ होतं आणि तिथेच तुटतं, तेही भरलेल्या ट्रॉलीखाली. चॅसीचा चॅनल आणि ब्रॅकेट यांचं वेल्डिंग चालतं. फक्त अर्थिंगची क्लिप जोडाच्या जवळच लावायला सांगावी, नाहीतर करंट हबच्या बेअरिंगमधून जाऊन ते खराब होतं.

बसलेल्या पाट्याला ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर आहेत. स्वस्त पडतं, पण नव्या पाट्याएवढं टिकत नाही. नवीन घालायचा तर दोन्ही बाजूंना घालावा. एका बाजूला नवा कडक पाटा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला, म्हणजे कल एकीकडून दुसरीकडे पाठवल्यासारखं आहे. जादा पाटा टाकण्याचंही तसंच.

यू-बोल्ट आवळताना एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नये. चारही नट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत जावेत. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर ते पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे बसतात आणि पकड सुटते. ही दुसरी आवळणी राहून जाते आणि महिन्याभरात सेंटर बोल्ट पुन्हा तुटतो.

जॅक लावताना बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि चॅसीखाली भक्कम घोडी ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कुणीही जाऊ नये. विटांचा थर घोडीच्या जागी चालत नाही, वीट वजनाने एकदम फुटते.

भरलेली ट्रॉली वाटेत कलली तर ती जिथे रुंद आणि सपाट जागा असेल तिथे हळू नेऊन थांबवावी. झुकलेल्या बाजूला कुणाला उभं राहू देऊ नये, वर बसलेल्यांना दुसऱ्या बाजूने उतरवावं. मऊ मातीत जॅक लावून भरली ट्रॉली सरळ करायला जाऊ नये, जॅक रुततो आणि ट्रॉली घसरते. दुसरी ट्रॉली मागवून माल वरच्या थरापासून उतरवून घ्यावा. त्यात खेप चुकते, कारखान्यावरचा नंबर मागे जातो.