रात्रीचा नांगर

माझे आजोबा तरुणपणी मचव्यावर खलाशी होते आणि पुढे परळच्या एका गिरणीत साच्यावर लागले. गिरणीत तीस वर्षे काढूनही त्यांच्यातला खलाशी काही गेला नाही. पाळी संपवून आले, की लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहून ते धुराड्यांचा धूर कोणत्या दिशेला वळतो ते न्याहाळीत आणि आम्हा नातवंडांना विचारीत, "पोरांनो, वारा वायव्येचा आहे, दिवस मावळायला दोन घटका उरल्या आहेत, हर्णै मागे पडले. सांगा, नांगर कुठे टाकाल?" आम्ही तोंडाला येईल ते नाव ठोकून देत असू. उत्तर चुकले, तर ते म्हणत, "बुडालास!" आणि बरोबर आले, तर खिशातून एक पेपरमिंट निघे.

त्या वेळी तो आम्हाला पोरखेळ वाटे. पुढे इतिहासाची पुस्तके चाळताना ध्यानात आले, की आजोबांचा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे आणि त्याच्या उत्तरावर नुसती गलबतेच नव्हे, तर राज्येही तरली-बुडाली आहेत. इतिहासकार सफरींचे वर्णन करतात, लढायांच्या तारखा देतात. पण शिडाच्या जहाजाचा तांडेल रोज संध्याकाळी कसली चिंता करीत असे, याची दखल क्वचितच कोणी घेतो. ती चिंता एकच, रात्र कोठे काढावी?

कोकणचा किनारा ज्यांनी बोटीतून पाहिला आहे त्यांना हे सहज पटेल. सह्याद्रीतून निघालेल्या आखूड नद्या दर काही कोसांवर समुद्राला मिळतात. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, आणि पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. जणू एखाद्या वाटसरूसाठी कोणी वाटेवर धर्मशाळा बांधून ठेवाव्यात, तशी ही निवाऱ्याची ठिकाणे आहेत. मात्र प्रत्येक धर्मशाळेचे दार सदासर्वकाळ उघडे नसते. कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा असतो. भरतीला त्यावरून गलबत अलगद आत जाते, ओहोटीला मात्र तेथेच लाटा फुटतात.

म्हणून तांडेलाचे पहिले पंचांग भरती-ओहोटीचे. त्याचा हिशेब किती सोपा आहे, पाहा. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत उधाण. अष्टमीच्या सुमारास मात्र पाण्याची चढ-उतार कमी, तिला भांगाची भरती म्हणतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. ज्याला अक्षर येत नव्हते त्या तांडेलालाही हे गणित तोंडपाठ असे.

दुसरे पंचांग वाऱ्याचे. पावसाळा सरल्यावर या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा. मतलईवर शीड उभारून बाहेर पडावे आणि वायव्येच्या वाऱ्यावर दिवस मावळण्यापूर्वी आडोसा गाठावा, असा हा दिनक्रम. आता आडोसा कोणता? वारा वायव्येचा असेल, तर ज्या भूशिराची पाठ उत्तरेला आहे त्याच्या दक्षिणेला. वारा फिरून नैऋत्येचा झाला, की तेच ठिकाण घातक ठरते. रत्नागिरीचेच पाहा. किल्ल्याच्या डोंगराच्या उत्तरेला मिऱ्याचे पाणी, दक्षिणेला मांडवीचे. एकाच गावाची दोन अंगणे, पण आज कोणत्या अंगणात निजावे हे वारा सांगणार.

आणि तिसरी गोष्ट समुद्राच्या तळाची. दोरीला शिसे बांधून पाणी किती वाव आहे ते पाहायचे. शिशाच्या बुडाला चरबी माखलेली असली, की तळाची माती तिला चिकटून वर येते. चिखल आला तर उत्तम, नांगर घट्ट रुततो. नुसती वाळू असेल तर नांगर घसरण्याची धास्ती. खडक असेल तर तो धरीलही, पण सकाळी सोडील याचा भरवसा नाही. शिवाय दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट सोडावा लागतो, आणि वारा फिरला तर गलबत त्या दोराभोवती गरकन फिरेल एवढी मोकळी जागाही हवी. आजोबा म्हणत, "नांगर टाकणे सोपे रे, त्याच्यावर विश्वास टाकून झोपणे कठीण."

हे शास्त्र किती जुने आहे, याचा एक पुरावा ग्रीक भाषेत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदराचे वर्णन येते. तेथील राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात, भरतीबरोबर त्यांना खाडीतून वर ओढून नेत आणि ओहोटी लागली, की ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबवीत. दक्षिणेकडे येताना त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे आली आहेत. मुंबईचे नाव त्या यादीत नाही!

शिवाजीमहाराजांना या किनाऱ्याचे मर्म नेमके उमगले होते. सन १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर त्यांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. भोवती खडकांचे जाळे, वाट माहीत असलेल्यालाच आत येता यावे. नकाशा समोर ठेवून खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग या किल्ल्यांवर बोट फिरवा. जेथे जेथे तांडेल रात्रीला थांबू पाहील, तेथे तेथे किंवा त्याच्या आसपास तट उभा आहे. समुद्राला कुंपण घालता येत नाही, पण समुद्रावरच्या माणसाला केव्हातरी झोप ही येतेच. ज्याच्या हाती झोपण्याची जागा, त्याच्या हाती समुद्र.

सन १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रज खवळून उठले. त्यांची मोठी जहाजे बेटाभोवती नांगर टाकून बसली. मराठ्यांच्या होड्या लहान आणि वल्ह्यांच्या. त्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात दबा धरून राहत, आणि रात्री वारा पडला, की वल्ही मारीत बेटावर रसद पोचवीत. मोठ्या जहाजांना त्यांच्या मागे उथळ पाण्यात शिरता येईना. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी महाराजांकडेच राहिली. तोफा इंग्रजांच्या मोठ्या होत्या, पण निवारा मराठ्यांचा चांगला होता.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या पावसाळी छावणीविषयी लिहिले, त्यातही हीच दृष्टी दिसते. छावणी किल्ल्याच्या आश्रयाने करावी, सगळी तारवे एका जागी न ठेवता निरनिराळ्या जागी विभागून ठेवावीत, रात्री जमिनीवरून आणि पाण्यावरून गस्त घालावी, असा त्यांचा उपदेश आहे.

या उपदेशाचा विसर किती महाग पडतो, ते फेब्रुवारी १७५६ मध्ये दिसून आले. पेशव्यांचे तुळाजी आंग्र्यांशी वैर होते, आणि त्यातूनच इंग्रजांची नौदले ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली विजयदुर्गावर चालून आली. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या कुशीत दाटीवाटीने उभे होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. कान्होजींनी जन्मभर खपून जे उभे केले, ते आपल्याच सर्वांत सुरक्षित बंदरात संपले. निवारा उत्तम होता, परंतु सारे एकाच निवाऱ्यात होते. दोष किल्ल्याचा मानावा, दैवाचा की आपसांतल्या दुहीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

मग आगबोटी आल्या. आगबोटीला वाऱ्याची पर्वा नाही, असे लोकांना वाटू लागले. भाऊच्या धक्क्यावरून ट्रंका, वळकट्या आणि रडकी पोरे घेऊन गिरगाव-लालबागचे चाकरमानी बोटीत चढत. बोट बंदराबाहेर नांगर टाकी, पडाव येत आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात आया आपली लेकरे खलाशांच्या हाती सोपवीत. त्या क्षणी काळजाचा ठोका चुकला नाही, असा कोकणी माणूस विरळा. परंतु वाऱ्याचा हिशेब यंत्राने पुसला जात नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ऐन चांगल्या हंगामात, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदरासारखा निवारा पाठीशी होता आणि रेवस तर अगदी जवळ. पण दोन निवाऱ्यांच्या मधली तेवढीच वाट उघडी होती.

आता त्या बोटी नाहीत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि लालबागचा माणूस रात्री गाडीत बसून सकाळी गावी उतरू लागला. बऱ्याच खाड्या गाळाने भरल्या. गिरण्यांची धुराडी थंड झाली, त्यामुळे धुरावरून वारा ओळखण्याची सोयही उरली नाही.

आजोबांच्या अखेरच्या दिवाळीत मी त्यांचाच प्रश्न त्यांना उलटून विचारला, "आजोबा, साऱ्या किनाऱ्यावर नांगर टाकायला उत्तम जागा कोणती?" मला वाटले, ते विजयदुर्ग म्हणतील, नाही तर देवगड. ते गॅलरीतून खाली पाहत होते. चौकात पोरे फुलबाज्या उडवीत होती, दारोदार कंदील लागले होते.

"ही मुंबई," ते म्हणाले. "खोल पाणी, पश्चिमेला बेटाची भिंत, पूर्वेला डोंगर. म्हणून तर इंग्रज इथे थांबला. आणि म्हणून आपणही. एका रात्रीसाठी म्हणून मी नांगर टाकला होता रे. उचलायचा राहूनच गेला."

मग त्यांनी खिशात हात घातला आणि, माझे वय विसरून, एक पेपरमिंट माझ्या हातावर ठेवले.