हवालदार गोपाळ बाबा वलंगकर : दापोलीच्या एका लष्करी पेन्शनराचें चरित्र

लढायांच्या वृत्तांतांत सेनापतींचीं नांवें येतात. क्वचित् मृत शिपायांचींहि नांवें एखाद्या स्तंभावर कोरलेलीं सांपडतात. परंतु जो शिपाई नोकरी पुरी करून जिवंत घरीं परतला, त्याच्या पुढील आयुष्याकडे इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कोंकणचा सामाजिक इतिहास लिहावयाचा तर ह्या पेन्शनरांस वगळून तो लिहितांच येणार नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका पेन्शनराचें चरित्र संक्षेपानें सांगण्याचें योजिलें आहे.

गोपाळ बाबा वलंगकर ह्यांचा जन्म इ. स. १८४० च्या सुमारास महाडजवळील रावढळ ह्या गांवीं एका महार कुटुंबांत झाला. त्या काळीं ह्या जातीच्या तरुणास गांवकीच्या कामाबाहेर पडण्याचा जो एक मानाचा मार्ग मोकळा होता, तो मुंबई इलाख्याच्या पलटणींचा होय. कंपनी सरकारच्या अंमलांत महारांची भरती ह्या पलटणींत मोठ्या प्रमाणावर होत असे. ता. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें जी लढाई झाली, तिच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नांवांपैकीं बावीस नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. ‘नाक’ हें महारांच्या नांवास लागणारें जुनें उपपद असल्यामुळें ह्या नांवांवरून त्या भरतीची साक्ष पटते. गोपाळ बाबाहि ह्याच वाटेनें सैन्यांत गेले, हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि इ. स. १८८६ मध्यें निवृत्त होऊन दापोलीस येऊन राहिले.

दापोली हें गांव त्यांनीं निवडलें ह्यांत आश्चर्य नाहीं. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनीं तेथें लष्करी छावणी घातली होती, आणि ‘कॅम्प’ हें उपनाम त्या गांवास त्यामुळेंच चिकटलें. छावणीचें महत्त्व कमी झाल्यावरहि निवृत्त शिपायांची वस्ती तेथें कायम राहिली. दरमहा ठरलेली रोकड मिळत असल्यामुळें ही मंडळी बलुत्यावर अवलंबून नव्हती. शिवाय पलटणींतून शिपायांच्या मुलांसाठीं शाळा चालत व प्रौढ शिपायांसहि अक्षरओळख करून देण्यांत येई. सारांश, रोख उत्पन्न, अक्षरज्ञान व गांवाबाहेरचें जग पाहिल्याचा अनुभव ह्या तीन गोष्टी ज्यांच्यापाशीं एकत्र होत्या असा अस्पृश्यांचा एक लहानसा वर्ग ह्या कोंकणी गांवांत तयार झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ, जे पलटणीच्या शाळेंत शिक्षक होते, तेहि निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीसच राहिले होते.

परंतु पलटणींत मिळालेला मान छावणीच्या हद्दीबाहेर चालत नसे. ह्याचा प्रत्यय शाळेच्या दारांतच आला. इ. स. १८९२ च्या सुमारास दापोलीच्या लष्करी पेन्शनरांनीं आपल्या मुलांस म्युनिसिपालिटीच्या शाळेंत घ्यावें म्हणून अर्ज केले. तेव्हां ह्या मुलांस वर्गांत न घेतां व्हरांड्यांत बसविण्याची तजवीज झाली. बापानें सरकारची बंदूक खांद्यावर वाहिली होती. मुलाला मात्र धडा ऐकण्यासाठीं उंबऱ्याबाहेर बसावें लागलें. गोपाळ बाबांच्या पुढील सर्व उद्योगाची पार्श्वभूमि ही होय.

जोतीराव फुले ह्यांच्या विचारांचा गोपाळ बाबांवर मोठा प्रभाव होता. ‘दीनबंधु’ पत्रांतून ते लिहीत. आगरकरांच्या ‘सुधारका’सहि त्यांचें लेखन गेलेलें आहे. इ. स. १८८८ मध्यें त्यांनीं विटाळाच्या कल्पनेवर एक पत्रिका सिद्ध केली. तींत उच्चवर्णीयांस सव्वीस प्रश्न विचारलेले आहेत. ह्या रचनेकडे अभ्यासकांनीं अवश्य लक्ष द्यावें. येथें गाऱ्हाणें मांडून दयेची याचना केलेली नसून, अस्पृश्यतेस आधार काय हें सिद्ध करण्याचा भार ती पाळणारांवर टाकलेला आहे. त्यांनीं ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ह्या नांवाची संस्थाहि स्थापिली.

इतक्यांत एक नवें संकट उभें राहिलें. लॉर्ड रॉबर्ट्स हे इ. स. १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति होते. कांहीं जाति जात्याच लढवय्या व इतर जाति लढाईस निरुपयोगी, असा सिद्धान्त त्यांच्या कारकीर्दींत सैन्यभरतीचें धोरण होऊन बसला. त्या धोरणानुसार इ. स. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यांत आली. जुन्या पेन्शनरांचें पेन्शन चालू राहिलें. परंतु त्यांच्या मुलांना व नातवांना तो मार्ग बंद झाला. पलटण गेली म्हणजे केवळ पगार गेला असें नव्हे. पलटणीबरोबर शाळा गेली, आणि अर्ज लिहूं शकणारी पुढची पिढी ज्या ठिकाणीं तयार व्हावयाची तें ठिकाणच नाहींसें झालें.

ह्या बंदीविरुद्ध इ. स. १८९४ मध्यें गोपाळ बाबांनीं आपल्या मंडळीच्या वतीनें मुंबईच्या सेनापतींस उद्देशून एक विनंतिपत्र तयार केलें. महार हे पूर्वींचे क्षत्रिय असून इ. स. १३९६ च्या ‘महादुर्गा’ दुष्काळांत अभक्ष्य भक्षण करावें लागल्यामुळें ते पतित ठरले, असें प्रतिपादन त्यांत आहे. आजच्या संशोधकास हें इतिहास म्हणून ग्राह्य वाटणार नाहीं, आणि त्यांत एक विसंगतीहि दिसेल : ज्या मंडळीच्या नांवांतच ‘अनार्य’ हा शब्द आहे, तिनेंच क्षत्रियत्वाचा दावा करावा हें कसें? आमच्या मतें ह्याचें उत्तर प्रश्न कोण विचारीत होतें ह्यांत आहे. स्वदेशीयांशीं वाद करितांना गोपाळ बाबा वंशश्रेष्ठतेची कल्पनाच नाकारूं शकत होते. म्हणून ‘अनार्य’ हें नांव ते अभिमानानें घेतात. परंतु लष्करी खात्यानें तर ‘तुमचें कुळ कोणतें?’ एवढाच प्रश्न शिल्लक ठेविला होता. वर्षानुवर्षें केलेली नोकरी पुराव्यांत धरली जात नाहीं असें दिसल्यावर त्यांना वंशावळीचा पुरावा जोडणें भाग पडलें. ह्यास आम्ही विचाराचा गोंधळ मानीत नाहीं. ज्या कचेरीपुढें दाद मागावयाची तिच्याच भाषेंत अर्ज लिहावा लागतो, हें पलटणींत हयात घालविलेला हवालदार पुरतेपणीं जाणून होता.

विनंतीचें फळ मिळालें नाहीं. इ. स. १८९५ मध्यें गोपाळ बाबांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली. अस्पृश्य मनुष्य सभासद म्हणून बोर्डांत बसतो हें तेथील उच्चवर्णीयांस रुचलें नाहीं. इ. स. १९०० मध्यें गोपाळ बाबा निवर्तले.

त्यांच्या मागें तो अर्ज पुन्हां पुन्हां लिहिला गेला. इ. स. १९१० मध्यें शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं हीच मागणी थेट भारतमंत्र्यांकडे पाठविली. पहिल्या महायुद्धांत माणसांची गरज भासतांच, इ. स. १९१७ मध्यें, १११ वी महार पलटण उभारण्यांत आली आणि गरज सरल्यावर इ. स. १९२१ मध्यें ती मोडण्यांत आली. कायमची महार रेजिमेंट इ. स. १९४१ मध्यें, म्हणजे दुसऱ्या महायुद्धांत निघाली. ह्या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लढवय्या जातींचा सिद्धान्त युद्ध दारीं येतांच बाजूस ठेवण्यांत येई. तेव्हां तो अनुभवावर उभारलेला नव्हता, हें सरकारच्या स्वतःच्या वर्तनानेंच सिद्ध होतें.

तथापि गोपाळ बाबांच्या उद्योगाचें मोजमाप केवळ भरतीवरून करणें योग्य नव्हे. ज्या महाडच्या बोर्डांत त्यांचें बसणें लोकांस खपलें नव्हतें, त्याच महाडास इ. स. १९२७ च्या मार्च महिन्यांत अस्पृश्यांची परिषद भरली आणि ता. २० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं लष्करी नोकरीनें कोंकणांतील ह्या समाजास आलेल्या उर्जितावस्थेची आणि भरती बंद झाल्यानें झालेल्या हानीची आठवण श्रोत्यांस करून दिली. पाण्याच्या हक्कासाठीं जो प्रश्न तळ्याच्या कांठीं विचारला गेला, त्याचा पहिला मसुदा एकोणचाळीस वर्षांपूर्वीं एका हवालदारानें सव्वीस कलमांत लिहून ठेविला होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

सरकारी दप्तरांत पेन्शनर म्हणजे खर्चाच्या बाजूची एक रक्कम. दापोलीच्या ह्या पेन्शनरानें आपली रिकामी वर्षें शाळेच्या, भरतीच्या व माणुसकीच्या मागणीसाठीं वेंचलीं. कोंकणांतील अशा इतर पेन्शनरांचे अर्ज व पत्रव्यवहार शोधून त्यांची संगति लावणें हें इतिहासाभ्यासकांचें कर्तव्य आहे, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.